कापूर थांबला तर

मंदे, आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. इतकी वर्षं तो फक्त तुला माहीत होता. कुणाला सांगणार नाही म्हणून तू आईची आण घेतली होतीस, आणि त्या शपथेच्या बदल्यात माझ्याकडून किती कुल्फ्या उकळल्यास ते तुझं तुला ठाऊक. आता तू नाहीस. गुपित माझ्या एकटीकडे उरलं. एकटीकडे उरलेल्या गुपिताला काही चव नसते, म्हणून लिहिते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी असा शोध लावला होता की माझ्या नजरेनं पाण्यावरचा कापूर थांबतो.

हसू नकोस. तेव्हा हसलीस तेवढं पुरे. सरांनी आपल्याला ते लांबट, उथळ तबक दिलं होतं, कडांना मेण लावलेलं. त्यात काठोकाठ स्वच्छ पाणी भरायचं आणि वर कापूर खरवडून टाकायचा. देवघरातला साधा कापूर, पण स्वच्छ पाण्यावर पडला की त्याच्या अंगात येतं. एकेक कण गिरक्या घेतो, धावतो, दुसऱ्याला धडकतो, परत पळतो. तू बघत असायचीस तेव्हा नाचायचा. मी लांबून बघितलं तरी नाचायचा. पण मी वाकून, डोळे जवळ नेऊन बघितलं की मरायचा. जागच्या जागी. दर वेळी.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकतंय. मला वाटलं, आपल्या डोळ्यांत काहीतरी आहे. आमची आजी लहानपणापासून सांगायचीच, या पोरीची नजर वाईट, हिच्यापुढे दूध उघडं ठेवू नका. म्हणजे अख्खं वळ गाव ज्यासाठी मीठमिरच्या ओवाळून टाकायचं, ती दृष्ट मी प्रयोगशाळेत सिद्ध करायला निघाले होते! चांगली पानं भरून लिहून काढलं, आकृती काढली, आकृतीत माझा डोळासुद्धा काढला, आणि निघाले सरांच्या खोलीकडे. साडी पण त्या दिवशी बरी नेसले होते. शोध लावणारी बाई गबाळी दिसू नये म्हणून.

तू मला दारातून ओढून आणलंस. म्हणालीस, "वाक बघू पुन्हा." मी वाकले. कापूर थांबला. मी तुझ्याकडे विजयानं बघितलं. तू माझ्या वेणीचं टोक उचललंस आणि माझ्या नाकासमोर धरलंस. टोकातून पाणी ठिबकत होतं.

"बये," तू म्हणालीस, "आधी ती शेपटी खोच, मग लाव शोध."

आई रोज सकाळी माझ्या डोक्यावर खोबरेल थापायची. मी वाकले की ती कमरेएवढी वेणी खांद्यावरून घसरायची आणि तिचं टोक तबकात, माझ्या कोपरामागे, पाण्याला टेकायचं. तेवढं पुरायचं. डोळ्याला दिसणारही नाही इतकं तेल, पण पाण्याला टेकलं की पापणी लवायच्या आत या काठापासून त्या काठापर्यंत पसरायचं. किती पातळ? तर त्याच्या खाली आणखी पातळ होताच येत नाही. एकाच रेणूची जाडी. एका केसाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. आणि एवढ्याशा थरानं पाण्याची ओढ सैल पडते. कापराला नाचवतं ते पाणीच, चारी बाजूंनी कमीजास्त ओढून. ती ओढच गेली की कापूर बिचारा काय करणार.

नंतर सरांनी फळ्यावर दाखवलं, या रेणूला एक डोकं असतं, एक शेपटी असते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला सहन होत नाही. म्हणून सगळे पाण्यात डोकं खुपसून आणि शेपट्या वर करून, एकमेकांना चिकटून उभे राहतात. तू मागच्या बाकावरून माझ्या कानात म्हणालीस, "बघ, सगळ्या शेपट्या वर. फक्त तुझी खाली." मला हसू आवरेना आणि बाहेर मला काढलं, तुला नाही.

तू काय शिकवलंस, तुझ्या हाताखालून किती पोरं गेली, ते शाळेच्या शोकसभेत सांगतील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मी तर लग्न करून खारबावला गेले आणि रसायनशास्त्र मुरंब्यात घातलं. पण वळला आले की तुझ्याकडे यायचं, तुझ्या सासूबाईंची पितळी परात काढायची आणि दोघींनी पाण्याशी खेळत बसायचं, हे काही सुटलं नाही. तबकाच्या जागी परात आली एवढंच. शेजारणींना वाटायचं, या दोघी काहीतरी बाहेरचं बघतात. एक बाई तर हरवलेली नथ कुठं आहे ते विचारायला आली होती. तू तिला "उत्तरेला" म्हणून सांगितलंस. सापडली मेली उत्तरेलाच!

आपलं एक भांडण राहून गेलं बघ. त्या थराला मराठीत काय म्हणायचं?

पुस्तकात 'एकरेणवीय थर' होतं. तू म्हणालीस, असं म्हटलं की पोरं थराकडे न बघता खिडकीकडे बघतात. मी म्हटलं, सरळ तवंग म्हण की. तू खवळलीस. "तवंग दिसतो. रश्श्यावर असतो तो तवंग. डबक्यावर डिझेल सांडलं की रंग चमकतात तो तवंग. हे दिसत न्हाय, रंजे! दिसत न्हाय हीच तर सगळी गोष्ट हाय." मग साय म्हण. "साय चमच्यानं निघते." पदर म्हण. "माझ्या वर्गात निम्म्यांचे बाप लूमवर. पदर म्हटलं की ती कापड शोधणार." मग पापुद्रा म्हण. "तूच पापुद्रा."

शब्द काही ठरला नाही. म्हणून आपण त्याला 'ते' म्हणत राहिलो. परातीवर वाकून तू विचारायचीस, "आलं का ते?" मी म्हणायचे, "आलं." "गेलं?" "अजून हाय थोडं." बाहेरून ऐकणाऱ्यानं काय समजायचं?

तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचं तूच मला सांगितलं होतंस. तू त्यांच्यासमोर कापूर नाचवलास, मग दाताच्या काडीला जरा तेल लावून पाण्याला टेकवलीस. कापूर थांबला. आणि ती मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, कपूर को किसने रोका? कोई है क्या पानी पे?" तू म्हणालीस, "है." पुढचं समजावायला तोंड उघडणार तोच घंटा झाली आणि पोरं तेवढंच उत्तर घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी दोन आया भेटायला आल्या होत्या.

तळ्याचं आठवतं? लहानपणी आपण तळ्याकडून यायचो तेव्हा वारा सुटला की सगळं पाणी बारीक शहारायचं, आणि मध्येच एखादा पट्टा गुळगुळीत असायचा. काचेसारखा. वारा त्याच्यावरूनही जायचा, पण तिथं काही उठायचं नाही. तो पट्टा हळूहळू सरकायचा. बाया म्हणायच्या, पाण्यातल्या साती आसरा निजल्यात तिथं, बोट दाखवू नका. आपण बोटं मुठीत दाबून पळायचो.

कॉलेजात कळलं की आसरा वगैरे काही नाही. पाण्यात कुजलेल्या पानांचं, मेलेल्या मासळीचं, धुण्याभांड्यांचं स्निग्ध तेवढं वर येतं, एका रेणूच्या जाडीनं पसरतं आणि बारीक लाटांना उठूच देत नाही. मला केवढं हायसं वाटलं. तू मात्र म्हणालीस, "म्हणजे बाया अगदीच चुकत न्हाईत. पाण्यात जे जे मेलं, तेच वर येऊन निजतंय."

त्या दिवसापासून मला तळ्याकडे बघवत नाही. अडाणी होते तोवर नुसतं बोट दाखवायला भ्यायचे. शिकले आणि बघायलाही भ्यायला लागले. आता त्या तळ्याच्या तीन अंगांना गोदामं आहेत, कंटेनर उभे असतात, तरी मी रिक्षात त्या बाजूला बसत नाही.

गेल्या थंडीत तू मागल्या दारी खुर्ची टाकून बसली होतीस. गोदामाची भिंत उठल्यापासून तुझ्या मागल्या दारी ऊन जेमतेम दुपारपुरतं येतं. पाय सुजलेले, दम लागत होता, पण परात मांडीजवळ. भिंतीपलीकडे ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज चालू होता. तू कापूर टाकलास, तो नाचला, आणि तू त्याच्याकडे बघत म्हणालीस:

"मी गेले ना, की आमच्या जाऊबाई दिव्याखाली पीठ पसरतील. मग सगळ्या वाकून बघतील, पाऊल कुणाचं उमटलं, मंदाला कुठला जन्म मिळाला."

"मग उमटव की चांगलंसं," मी म्हटलं. "मोराचं उमटव."

"तू पीठ बघू नकोस. तू हे बघ. परात घासून घे, स्वच्छ पाणी भर, कापूर टाक. नाचला तर समज, मी गेले. मोकळी झाले. आणि थांबला तर समज..." तू श्वास घ्यायला थांबलीस. "थांबला तर समज, मी हाय. पाण्यावर पसरून पडलेय."

मला कसंतरी झालं. ते लपवायला मी काय बोलावं? म्हटलं, "तू आणि एका रेणूच्या जाडीची? आधी या खुर्चीतून तर निघ." तू इतकी हसलीस की ज्योती पाणी घेऊन धावत आली. ज्योती म्हणजे तुझी सून, पडघ्याची. वीस वर्षांत तिनं मला मावशी आणि अहो-जाहोशिवाय हाक मारलेली नाही. ती आल्यावर तू विषय बदललास. मला तुला विचारायचं होतं, भीती वाटते का. विचारलं नाही. विनोद करून मोकळी झाले. जन्मभर तेच केलं म्हणा.

तू गेलीस त्या जागी दिवा लावला. खाली ताटात पीठ पसरलं, वर टोपली. सकाळी जाऊबाईंनी टोपली उचलली आणि सगळ्या जणी वाकल्या.

"पाखराचा जल्म भेटला गो मंदाला," जाऊबाई म्हणाल्या. "ही बघ, तीन बोटां."

दुसरी म्हणाली, वासराचा खूर आहे. मला मुंगी चालत गेलेली दिसत होती, अगदी वळणांसकट. नेहमीची मी असते तर बोलले असते. पण त्या पिठाकडे बघताना मला एकाएकी आपलं तबक आठवलं. 'ते' दिसत नाही म्हणून आपण पाण्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरायचो आणि मध्ये एक थेंब टेकवायचो. पूड चारी बाजूंना पळायची आणि मध्ये स्वच्छ गोल उघडा पडायचा. गोलात काहीच नसायचं. तरी आपण म्हणायचो, ते तिथं आहे, त्याच्या कडा बघ. मग या बाया वेगळं काय करत होत्या? न दिसणाऱ्यासाठी पूडच पसरत होत्या ना. मी हात जोडले. जाऊबाई चकित झाल्या. मीही झाले.

दहाव्याला पुरुषमंडळी पिंडाला गेली. घरात ज्योती आणि मी. ती मागे धुणं काढत होती. घरातलं सगळं कापड, सगळी भांडी त्या दिवशी धुऊन निघायची होती.

"मावशी, परात द्या ती, घासायला टाकते."

"थांब. मला लागतेय."

"कशाला?"

"पाण्याला."

म्हाताऱ्या बायकांकडे बघतात तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि गेली.

तू शिकवलंस तसंच केलं, मंदे. साबण नाही, साबणाचंही 'ते' होतं. बंबातली राख घेतली, परात घासली, पाण्यावर पाणी ओतून खळबळली. हात कोपरापर्यंत राखेनंच धुतले. सोप्यात ठेवून काठोकाठ भरली, पाणी काठाच्या वर जरासं फुगेपर्यंत. कागदाची पट्टी पाण्याच्या अंगावरून ओढली, जुनं जे काही असेल ते एका कडेला सारून बाहेर सांडलं. पंखा बंद केला. चूल थंडच होती. सुरीचं पातं दिव्यावर धरून जाळून घेतलं आणि त्यानं कापूर खरवडला.

तोवर मला कळत नव्हतं की मला काय हवंय. कापूर नाचावा, तू मोकळी व्हावीस, हेच चांगल्या मैत्रिणीनं मागायचं. कण पाण्यावर पडले आणि नाचले. काय नाचले! असे कधी नाचले नव्हते. मी बघत बसले आणि मला कळलं की मी चांगली मैत्रीण नाही. मला तू मोकळी नको होतीस. मला तू इथं हवी होतीस, एका रेणूच्या जाडीची का होईना.

आणि मला उपाय माहीत होता. माझ्याइतका तो कुणाला माहीत असणार? सकाळीच माझ्या सुनेनं मला बसवून डोक्यावर तेल थापलं होतं. भांगातून एक बोट फिरवायचं आणि पाण्याला टेकवायचं. बस्. कापूर थांबला असता आणि मी घरी जाऊन स्वतःला सांगितलं असतं, मंदा आहे. बोट भांगापर्यंत गेलंसुद्धा. मग तू काय म्हणाली असतीस ते ऐकू आलं. खोटारडे, म्हणाली असतीस. मी हात खाली घेतला आणि पदराखाली दाबून धरला, लहानपणी तळ्याकाठी धरायचे तसा.

जा, म्हटलं. जा बाई. नाच.

शेवटचं नीट बघून घ्यावं म्हणून वाकले. खूप वाकले. आता डोळेही साथ देत नाहीत. एक कण हळू झाला. मला वाटलं, भास. मग दुसरा. मग सगळेच, कुणीतरी वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तसे, जागच्या जागी. पलीकडच्या ट्रकचा आवाजही नेमका तेव्हाच बंद पडला. परातीत काहीच नव्हतं. तवंग नाही, रंग नाही, तरंग नाही. पाणी तेच होतं. पण मघाचं नव्हतं. त्याच्यावर कुणीतरी होतं.

मी सगळी कारणं मनात तपासली, तू लावलेली सवय. वारा? नाही. फोडणीची वाफ? चूल थंड. धूर? दिव्याची ज्योत सरळ उभी. बोट? पदराखाली. मानेवर काटा आला, आणि त्या काट्यासकट मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"आलं का ते?" मी मोठ्यानं विचारलं.

आणि मीच म्हणाले, "आलं."

मग किती आणि काय बोलले ते इथं लिहीत नाही. भीती वाटत होती का, ते विचारलं. त्या दिवशी विनोद केला त्याची माफी मागितली. शब्दाचं भांडण तूच जिंकलीस म्हणून कबूल केलं. दिसत नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे.

मागे पाऊल वाजलं. ज्योती दारात उभी होती, हात कोपरापर्यंत ओले. ती परातीकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याकडे बघत होती, आणि खांद्यावरून खाली, माझ्या कोपरामागे. तोंडावर ना हसू, ना राग. आवाज तिचाच होता. पण मंदे, ती मला 'तू' म्हणाली.

तू शपथ मोडून सुनेला कधी सांगितलं होतंस की काय, ते मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. हो म्हणाली तर तू लबाड ठरशील, आणि नाही म्हणाली तर मला त्या घरी पुन्हा जाता येणार नाही. ती जे म्हणाली ते फक्त जसंच्या तसं लिहून ठेवते:

"बये, आधी ती शेपटी खोच, मग लाव शोध."